डोळा नाही, कल्ला नाही

लाकडी पाटावर आठ तुकडे होते. सॅमनचे दोन, ट्यूनाचे दोन, कोळंबीचे दोन, बांगड्याचे दोन. प्रत्येकाखाली भाताची अंगठ्याएवढी मूद. कडेला गुलाबी आल्याच्या चकत्या, दहा किंवा अकरा. एकमेकींना चिकटल्या होत्या, नीट मोजता आल्या नाहीत. सुपारीएवढा एक हिरवा गोळा. सोया सॉसच्या दोन वाट्या, काड्यांच्या दोन जोड्या. समोर बाबा. आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, टाईप केलेली तीन पानं. तिसऱ्या पानाच्या तळाशी बाबांची सही व्हायची होती.

"इतक्याच?" बाबांनी विचारलं.

"हळूहळू मागवूचा असता."

"आमच्या बंदरावर मांजराक ह्याच्यापेक्षा जास्त घालतत."

टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीला हसू आवरलं नाही. तिच्या छातीवर 'आकांक्षा' अशी पाटी होती. "काका, पहिल्यांदाच खाताय का?"

"कच्चो? पहिल्यांदाच. चाळीस वर्सां मासो विकतंय, पण चुलीवर चढल्याशिवाय तोंडात घातलंय नाय."

मीही पहिल्यांदाच खाणार होते. मी तेव्हा तेवीस वर्षांची, सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून पुण्यातल्या एका अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत चार महिन्यांपूर्वी लागलेली. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, म्हणून बाबा मालवणहून आठ दिवसांसाठी आले होते. माझ्या पगाराचं एक जेवण त्यांना द्यायचं मी ठरवलं होतं, आणि चाळीस वर्षं मासे विकलेल्या माणसाला नवं काय खायला घालायचं, तर हे सुशीचं हॉटेलच सुचलं. प्रयोगशाळेतल्या एका मैत्रिणीने मला कागदावर लिहून दिलं होतं: आठ तुकड्यांचं ताट मागव, सॅमनपासून सुरू कर, बांगडा शेवटी, तो मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो, त्याला वास जास्त असतो.

मी आकांक्षाला विचारलं, सॉसमध्ये भात बुडवायचा की मासा. मासा, ती म्हणाली. मग मी विचारलं, कच्चा मासा किती तापमानाला, किती दिवस गोठवतात. ती आत जाऊन विचारून आली. उणे वीस, सात दिवस. मी ते कागदी रुमालावर लिहून घेतलं.

"माज्या चेडवाक सवय हा ती," बाबा तिला म्हणाले. "लहान असताना समुद्राचा पाणी बाटलेत भरून ठेवी. आठ दिवसांनी उघडून बघी."

ते हसले. दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी, एकोणीस मे रोजी, आमच्या गावापासून बावीस किलोमीटरवरच्या एका वाडीत हळदीचं जेवण होतं. त्या जेवणाची चौसष्ट किलो सुरमई बाबांनी पुरवली होती. जेवलेल्यांपैकी एक्केचाळीस माणसांना उलट्या-जुलाब झाले. नवरीची आजी तिसऱ्या दिवशी गेली. बाबांचं म्हणणं एकच होतं आणि ते पहिल्या दिवसापासून बदललं नव्हतं: माल माझ्या शेडमधून निघाला तेव्हा मी वास घेऊन बघितला होता, ताजा होता; बिघडला तो वाटेत, मधूच्या टेम्पोत.

मधूकाका सारंग. बाबांबरोबर एकोणीस वर्षं. बर्फाच्या पेट्या, टेम्पो आणि दारू न पिणारा एकमेव ड्रायव्हर, असं बाबाच त्यांच्याबद्दल सांगायचे. मी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या पुस्तकांची खोकी त्यांनीच मासळीचा वास मुरलेल्या टेम्पोतून एसटी स्टँडवर आणली होती. 'आता तुजी पुस्तका वाचूक मांजरा येतली,' असं म्हणाले होते. हळदीच्या दिवशी वाटेत त्यांचं चाक पंक्चर झालं आणि चाळीस मिनिटं गेली. आता त्यांचा टेम्पो जप्त होता, बंदरावर कोणी त्यांना माल देत नव्हतं, आणि सोमवारी पोलिसांत बाबांचा लेखी जबाब द्यायचा होता.

तो जबाब मी लिहिला होता. बाबांनी फोनवर सांगितलं आणि मी चांगल्या मराठीत उतरवलं. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद माझा स्वतःचा होता: चौतीस अंश तापमानाला जिवाणू किती वेळात दुप्पट होतात, वगैरे. तो लिहिताना हिशेब जमत नव्हता. पेटीत बर्फ असेल तर चाळीस मिनिटांत मासा एवढा बिघडत नाही. पण बाबांनी वास घेतला होता, म्हणजे माल निघताना ताजा होता, म्हणजे पेटीत बर्फ पुरेसा नसणार. मी तसं लिहिलं. 'बर्फाचे प्रमाण अपुरे असावे.' मधूकाकांना मी विचारलं नव्हतं.

"खा गो," बाबा म्हणाले. "बघीत काय ऱ्हवलंस?"

आम्ही सॅमन खाल्ला. माझ्या काड्यांमधून तुकडा दोनदा निसटला. बाबांनी काड्या बाजूला ठेवल्या आणि बोटांनी उचलला.

"लोण्यासारखो," ते म्हणाले. मग ट्यूनाचा तुकडा हातात धरून उजेडात फिरवला, अंगठ्याने दाबला, खळगा भरून येतो का ते पाहिलं. "ह्यो कुपो. रंग बरो हा." आणि आकांक्षाला हाक मारली. "बाय, ह्या माशाची मुंडी दाखवशीत?"

"मुंडी?"

"डोको. डोको नाय तर माका कळाचा कसा? डोळो नाय, कल्लो नाय, खवला नाय. नुसतो तुकडो ठेवल्यार माणसान काय बघूचा?"

"काका, आमच्याकडे येतो तोच असा लादीसारखा येतो."

"वास घेवचो ना मगे," मी म्हटलं. सहज म्हटलं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तुकडा नाकाशी नेला, मान हलवली आणि तोंडात टाकला. "बरो हा."

कोळंबी उकडलेली होती. ती त्यांना फारशी पटली नाही. "हेका सुंगटा म्हणतत?" असं म्हणून त्यांनी चव लावायला तो हिरवा गोळा जवळ ओढला. मी सांगणार, त्याच्या आत त्यांनी तो चटणीसारखा बोटाने उचलला आणि अर्धा जिभेवर ठेवला.

दोन सेकंद काहीच झालं नाही. मग त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसले. मी पाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. नाक धरून ते तसेच बसून राहिले, डोळे मिटून. मला वाटलं, त्रास होतोय.

"बाबा?"

"थांब."

साधारण अर्ध्या मिनिटाने त्यांनी डोळे उघडले. ते रडत होते आणि हसत होते. "नाकात गेला," ते म्हणाले. "सरळ नाकात. वरपर्यंत. शलाका, माज्या नाकात गेला!"

"सगळ्यांच्याच जाता. तो वसाबी."

"पुन्हा घेतंय." आणि उरलेला अर्धा गोळा त्यांनी खाल्ला. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा पाणी आलं. आकांक्षा धावत आली. बाबांनी हाताने तिला थांबवलं. "आणखी आण," ते म्हणाले. "बाय, आणखी असलो तर आण."

मला ते गमतीचं वाटलं. खरंच वाटलं. तिखट खाण्याची हौस, दुसरं काय?

मग बांगडा उरला. दोन तुकडे, चंदेरी पाठ, वर आलं किसलेलं. मी माझा तुकडा उचलला आणि तोंडाशी नेताना थांबले. वास होता. मैत्रिणीने लिहिलं होतं की वास जास्त असतो. व्हिनेगर होतं, आलं होतं, पण त्यांच्याखाली आणखी काहीतरी होतं, भिजलेल्या गोणपाटासारखं, आमच्या प्रयोगशाळेत परत पाठवायच्या नमुन्यांना येतं तसं. मी पहिल्यांदा खात होते. हा असाच असतो की असा नसतो, हे ठरवायला माझ्याकडे तुलनेला काही नव्हतं. पण समोर चाळीस वर्षं मासे पारखणारा माणूस होता. मी तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, ह्यो बघा. बरो हा मा?"

त्यांनी तुकडा घेतला. दाबला. पाठ बघितली. नाकाशी नेला, मी पाहत होते, चांगला खोल श्वास घेतला.

"फडफडीत हा," ते म्हणाले. "आता होडयेतून उतरलेलो." आणि माझा तुकडा मला परत देऊन पाटावरचा दुसरा खाल्ला.

मी माझा तुकडा बशीत ठेवला. आकांक्षाला बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, याचा वास असाच असतो का? तिने बशी उचलून नाकाजवळ नेली आणि तिची मान मागे गेली. ती बशी घेऊन आत गेली. आतून पांढऱ्या टोपीतला स्वयंपाकी बाहेर आला, त्याने तो तुकडा हातात घेऊन हुंगला, एकदाच, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. सकाळी फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं, एवढंच म्हणाला. सगळा पाट उचलून नेला.

टेबलावर सोया सॉसच्या वाट्या आणि काड्या राहिल्या.

"त्या हिरव्यान नाक बंद केल्यान माजा," बाबा म्हणाले. "म्हणान कळाक नाय."

माझ्या डोक्यात एक-एक गोष्ट जागेवर बसत होती आणि मला त्या बसायला नको होत्या. आई दोन वर्षांपासून पहाटे बंदरावर लिलावाला जायला लागली होती. आधी कधी जात नव्हती. मी फोनवर विचारलं होतं तर म्हणाली होती, 'तुज्या बापसाक च्या घेवन जातंय.' रोज. चार किलोमीटर. चहा.

"बाबा," मी म्हटलं, "हळदीची सुरमई अख्खी होती की तुकडे?"

"तुकडे. मे म्हयन्यात अख्खी इसवण खंय मेळता? व्यापाऱ्यान कापलेली दिल्यान."

"मुंडी नव्हती."

त्यांनी सॉसची वाटी थोडी सरकवली.

"कल्लो नव्हतो, डोळो नव्हतो. मगे तुमी काय बघितल्यात?"

"वास घेतलंय. लिवलंस ना तू? लिवलेला हा ना कागदार?"

"तुमका वास येता?"

बाबांनी काडी उचलली, तिने ओल्या टेबलावर एक रेघ ओढली, पुसली. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या वाजल्या.

"करोना झालो तेवा गेलो," ते म्हणाले. "सगळ्यांचो गेल्लो. सगळ्यांचो परत इलो. माजो इलो नाय. डॉक्टर म्हणालो, येतलो, वाट बघा. कोणाक सांगू? मासो विकणाऱ्यान सांगूचा, माका वास येणा नाय? दुसऱ्या दिवशी कोण उभो करतलो माका लिलावाक?"

"आणि आई?"

"वास तुजी आवस घेता. दोन वर्सां. ती उजव्या हातात किटली धरता तेवा माल घेवचो. डाव्या हातात धरल्यान तर सोडूचो." त्यांनी मान खाली घातली. "अठरा तारखेक ती माहेराक गेल्ली. तिच्या भावाक हॉस्पिटलात ठेवल्लो."

"मधूकाकांक ठाऊक हा?"

"मधूक काय ठाऊक नाय."

"तेंच्या पेटयेत बर्फ होतो?"

बाबांनी काड्या जोडीने नीट लावून ठेवल्या.

"बर्फ माज्या हातान भरलंय," बाबा म्हणाले. "भरपूर होतो."

मी फोल्डरवर हात ठेवला होता. त्यांची नजर तिकडे गेली आणि ते पुढे वाकले. आवाज बदलला, लिलावातला झाला, घाईचा. "पण ऐक. आता तो येता. तू बघलंस मगाशी. त्या हिरव्यान नाक उघडला. दोन वर्सांत पहिल्यांदा काय तरी आत गेला. म्हणजे पूर्ण गेल्लोच नव्हतो, कमी झाल्लो. त्या दिवशीय थोडो येत असतलो. मी घेतलंय गो वास. खोटा नाय सांगणा. घेतलंय आणि माका काय वायट लागाक नाय."

वसाबीची झोंब वासाच्या नसांमधून जात नाही. ती चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळतात त्या नसेतून जाते. कांदा चिरताना डोळ्यांना लागतं, तसंच. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही वसाबी तेवढाच लागतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. मी ते सांगितलं नाही.

"आमच्या लॅबमध्ये तपासता येता," मी म्हटलं.

"काय?"

"नाक. वास घेवन नमुने तपासणारी माणसां आमच्याकडे घेतत, तेवा तेंचा नाक तपासतत. बारा बाटल्यो. प्रत्येक बाटलेक चार नावां. वास घेवन एक सांगूचा."

"आणि?"

"नऊ बरोबर इले तर माणूस पास."

"नायच येत असलो वास तर?"

"तर नुसतो अंदाज. चारातला एक. बारात साधारण तीन."

"म्हणजे आंधळोय तीन काढता," बाबा म्हणाले. ते विचार करत होते. भाव ठरवताना ते असेच वर बघतात. "नऊ इले तर?"

"तर तुमी सही करा. मी काय बोलाची नाय."

"आणि नाय इले तर?"

"मी ह्यो कागद फाडीन आणि मधूकाकांच्या वकिलाक फोन करीन."

"माका आत घालतीत, शलाका."

"होय."

"तुज्या आवशीकय विचारतीत."

"होय, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते उठून निघून जातील, किंवा फोल्डर ओढून घेतील. पण त्यांनी आकांक्षाला हाक मारली आणि विचारलं, तसला आणखी एक हिरवा गोळा बांधून देशील का. तिने कागदात गुंडाळून दिला. बांगड्याचे पैसे लावले नव्हते.

प्रयोगशाळा शनिवारी दुपारी दोनला बंद होते. आम्ही पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. चावी माझ्याकडे होती. रिक्षात बाबांनी कागद उघडून वसाबी दोनदा जिभेला लावला होता आणि दोन्ही वेळा डोळे पुसले होते. "उघडता," ते म्हणत होते. "हळूहळू उघडता."

वास तपासणाऱ्या पॅनेलची खोली लहान आहे. पांढऱ्या भिंती, वास न येणारा रंग, एक टेबल, एक खिडकी. मी त्यांना हात साबणाशिवाय धुवायला लावले, वसाबीचा कागद बाहेर ठेवायला लावला आणि वीस मिनिटं नुसतं बसवलं. नियम तसा आहे. मग तपकिरी काचेच्या बारा बाटल्या मांडल्या. प्रत्येकीवर तीन आकडी क्रमांक. उत्तरांची यादी पालथी ठेवली. मी खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये.

"चारशे सतरा. लवंग, केळा, रॉकेल, लसूण."

झाकण फिरल्याचा आवाज. श्वास. "लवंग."

"दोनशे साठ. च्या, संत्रा, कांदो, नारळ."

"संत्रा. संत्राच असतला."

आवाजात खात्री होती. पहिल्या चार बाटल्यांपर्यंत ती होती. पाचवीला ते थांबले आणि पुन्हा हुंगलं. सहावीला म्हणाले, "वेलची... नाय. थांब. होय, वेलची." सातवीला त्यांनी विचारलं, "ह्या बाटलेत काय घातलेला हा ना नक्की?" मी म्हटलं, सगळ्यांत आहे.

आठव्या बाटलीचा क्रमांक नऊशे तीन होता. झाकण उघडलं आणि मला खिडकीपाशी, दीड-दोन मीटरवर, वास आला. ती कोणती बाटली हे समजायला यादी लागत नव्हती. मी बाहेरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागले. पाच होत्या.

"मासळी, केळा, साबण, कॉफी," मी वाचलं.

मागे श्वास आला. पुन्हा एक. मग आणखी एक, लांब, तळापर्यंत. खुर्ची किंचित करकरली. त्या खोलीत आता कुजका बांगडा होता, संपूर्ण खोलीभर.

"केळा," बाबा म्हणाले.

मी लिहिलं. उरलेल्या चार बाटल्या झाल्या. शेवटच्या दोन त्यांनी नाकाशी नेल्या की नाही, मला माहीत नाही. झाकणाचा आवाज आला आणि लगेच उत्तर आलं. त्याला आता तीन वर्षं झाली, पण बारावं उत्तर देऊन त्यांनी सगळी झाकणं परत घट्ट लावली, एकेक करून, ते मला नीट आठवतं.

"झाला?" त्यांनी विचारलं. "किती इले?"

मी यादी सुलटी केली. डावीकडे त्यांची उत्तरं, उजवीकडे बरोबर उत्तरं, मध्ये खुणा. दोनदा मोजल्या.

बारापैकी तीन.